मिरजेचे दप्तर आणि हृदयाची झडप

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मिरजेत, म्हणजे पटवर्धन घराण्याच्या थोरल्या पातीच्या राजधानीत, दोन दप्तरे एकाच वेळी आकारास येत होती, आणि त्या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल असे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. त्यांतील एक वासुदेवशास्त्री खरे यांचे. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणाऱ्या या विद्वानाने पटवर्धनी दप्तरातील जीर्ण रुमाल सोडून, मोडी पत्रांचे ढीग डोळ्यांखालून घालून, १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि पानिपतानंतरच्या मराठी राजकारणाची हकीकत मूळ कागदांच्या आधारे लोकांपुढे मांडली. दुसरे दप्तर विल्यम जेम्स वानलेस या कॅनडात जन्मलेल्या आणि अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडे आलेल्या डॉक्टरचे. १८८९ मध्ये सांगलीस उतरून तेथे दवाखाना उघडलेला हा तरुण लवकरच मिरजेस आला, १८९४ मध्ये त्याचे रुग्णालय उभे राहिले आणि १८९७ मध्येच त्याने वैद्यकाचे विद्यार्थी शिकवावयास घेतले. शास्त्रीबोवांच्या कागदांत लढायांची, तहांची आणि कर्जाची नोंद होती. डॉक्टरांच्या कागदांत मोतीबिंदूंची, मुतखड्यांची आणि गाठींची.

शस्त्रवैद्यकाचा इतिहास सांगताना पहिली शस्त्रक्रिया कोणी केली, कोठे केली आणि कोणत्या तारखेस केली हे सांगण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. मला मात्र असे वाटते की ज्या दिवशी रोग्याच्या छातीवरील टाके काढले गेले त्या दिवशी इतिहासाचा अर्धाच कागद लिहून होतो. रोगी आपल्या गावी गेला, पेरणीस उभा राहिला की नाही, बाई असेल तर बाळंतपणातून सुटली की नाही, पाच वर्षांनी रोगी हयात होता की नव्हता, हा उरलेला अर्धा कागद जोपर्यंत कोणी शास्त्रीबोवांसारख्या चिकाटीने लिहीत नाही तोपर्यंत हृदयावरील शस्त्रक्रिया हे शास्त्र होत नाही, ते केवळ धाडस राहते. सातारा-सांगलीच्या मुलखाचे या शास्त्राशी असलेले नाते त्या उरलेल्या कागदाच्या अंगाने पाहिले, तरच ते नीट दिसते.

मुलूख असे मी मुद्दाम म्हणतो, कारण हे दोन जिल्हे आज निराळे दिसत असले तरी १९४९ पर्यंत जुना सातारा जिल्हा एकच होता. संस्थाने विलीन झाल्यावर त्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग पडले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठची काळी जमीन आणि माण, खटाव, आटपाडी, जत येथील पाऊस हुलकावणी देणारे माळ, अशी दोन्ही जिल्ह्यांची जडणघडण आहे. या मुलखास मिरज जवळची वाटली ती रेल्वेमुळे. पुण्याकडून येणारी, बेळगावाकडे जाणारी आणि कोल्हापुरास फुटणारी अशा लोहमार्गांचा सांधा तेथे पडला, आणि पुढे सांगलीचा फाटाही त्यास येऊन मिळाला. त्यामुळे ज्या रोग्याने आयुष्यात आपल्या तालुक्याची वेस ओलांडली नव्हती, तोही गाठोडे बांधून, सोबत एक भाऊबंद आणि दोन दिवसांच्या भाकऱ्या घेऊन, ‘मिशन’चा पत्ता विचारीत मिरजेच्या फलाटावर उतरू लागला.

वानलेस यांचे चरित्र येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. १९२८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, त्याच साली त्यांनी मिरज सोडली, आणि १९३३ मध्ये ते वारले. महत्त्वाचे हे की त्यांनी मागे केवळ इमारत ठेवली नाही, शिकलेली माणसे ठेवली. त्यांच्या शाळेतून बाहेर पडलेले डॉक्टर दूरदूरच्या मिशन दवाखान्यांत कामास लागले. त्या काळच्या सगळ्याच मिशन रुग्णालयांप्रमाणे येथूनही वर्षाकाठी परदेशातील मंडळाकडे अहवाल जात असे, आणि किती रोगी पाहिले, किती शस्त्रक्रिया केल्या, किती पैसा आला व गेला यांचा चोख जमाखर्च हे अशा अहवालांचे अंग असे. त्या जमाखर्चात एक रकाना मात्र सहसा नसे, तो म्हणजे घरी परतलेल्या रोग्याच्या पुढील हालहवालाचा. यात दोष देण्यासारखे काही नाही. मोतीबिंदू काढल्यावर दिसू लागले की काम फत्ते झाले, खडा निघाला की वेदना थांबली. अशा शस्त्रक्रियेचा निकाल रोगी दवाखान्याच्या पायऱ्या उतरण्यापूर्वीच लागलेला असे. हृदयाची गोष्ट तशी नव्हती.

हृदयास त्या वेळी कोणी हातच लावीत नव्हते. मिरजेचे रुग्णालय सुरू झाल्यानंतर दोन वर्षांनी, १८९६ मध्ये, फ्रांकफुर्ट येथे लुडविग रेन याने सुरीने जखमी झालेल्या हृदयास टाके घालून माणूस वाचवला, तेव्हा जगातील शस्त्रवैद्यांना ती अघटित घटना वाटली. हृदयापर्यंतची वाट पुढे खुली झाली ती क्षयरोगाने. क्षयाने जर्जर झालेले फुफ्फुस निवांत राहावे म्हणून बरगड्या काढणे, छाती उघडणे, तिच्या आतील दाब सांभाळणे, या विद्या शस्त्रवैद्य क्षयरोग्यांवर शिकले, आणि ज्यांचा हात छातीत बसला होता तेच पुढे हृदयाकडे वळले. या दृष्टीने आपल्या मुलखाची क्षयरुग्णालये नुसती हवापालटाची ठिकाणे नव्हती. पाचगणीस डॉक्टर बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये ‘बेल एअर’ची स्थापना केली, मिरज आणि सांगली यांच्या मधल्या माळावर मिशनचे क्षयरुग्णालय उभे राहिले आणि त्या वस्तीस वानलेसवाडी हे नाव पडून ते कायमचे रुजले. खोकल्याने खंगलेली माणसे या दोन्ही ठिकाणी महिनेच्या महिने राहत, त्यांच्या तापाचे तक्ते दररोज भरले जात, वजने नोंदली जात. म्हणजे रोग्याकडे दीर्घ काळ पाहत राहण्याची सवय या मुलखास लागली ती क्षयाच्या पायी.

हृदयाचा जो विकार येथे घरोघर होता त्याला लोक हृदयविकार म्हणतच नसत. लहानपणी घसा धरे, ताप येई, मग गुडघे, घोटे, मनगटे एकामागून एक सुजत व आपोआप ओसरत. घरची माणसे ‘सांधे धरलेत’ म्हणून शेकशेगडी करीत, आणि मूल पुन्हा खेळू लागले की ती गोष्ट विसरून जात. हाच तो संधिवाती ताप. सांध्यांना तो सोडून देई, पण हृदयाच्या झडपांवर आपला व्रण ठेवून जाई, आणि त्या झडपा वर्षानुवर्षे आतल्या आत जाड होत, आकसत, एकमेकींस चिकटत. दाट वस्ती, ओलसर घरे, घसादुखीकडे दुर्लक्ष, ही त्याची कारणे असल्यामुळे तो गरिबांच्या घरचा पाहुणा होता. युरोप-अमेरिकेत डाव्या बाजूची द्विदली झडप अरुंद झालेले रोगी बहुधा मध्यम वयाचे असत. आपल्या देशात मात्र विशीही न गाठलेली मुले त्याच अवस्थेस पोचलेली आढळतात, हे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सुजय रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकातून जगास दाखवून दिले.

आणि या दुखण्याचा खरा घाव बसे तो स्त्रियांवर. पोर सासरी येई, पहिल्या खेपेस दिवस जात, आणि सहाव्या-सातव्या महिन्यात, जेव्हा गर्भापायी हृदयावरचा भार वाढतो, तेव्हा अरुंद झडपेतून रक्त पुढे सरकेनासे होऊन फुफ्फुसात तुंबे. पाण्याचा हंडा उचलवत नाही, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते, रात्री आडवे पडता येत नाही, म्हणून भिंतीला टेकून बसून रात्र काढावयाची. आणि घरात मात्र ‘पहिलटकरणीला असं व्हायचंच’ एवढीच समजूत. अशा कितीजणी बाळंतपणात गेल्या याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. गावच्या जन्ममृत्यूच्या रजिस्टरात त्या फार तर ‘बाळंतरोग’ म्हणून उरल्या असतील.

या झडपेवर उपाय शोधण्याचा प्रयत्न पाश्चात्त्य देशांत १९२३ मध्येच झाला होता. बोस्टनच्या एलियट कटलरने एका बारा वर्षांच्या मुलीच्या हृदयात बारीक सुरी घालून अरुंद झडप मोकळी केली. ती मुलगी काही वर्षे जगली, पण पुढचे रोगी एकामागून एक दगावले. १९२५ मध्ये लंडनच्या हेन्री सुटारने सुरीऐवजी बोट घातले, रोगी वाचली, तरी त्याच्याकडे दुसरा रोगी कोणी पाठविलाच नाही. या इतिहासात मला सर्वांत आदरणीय वाटते ती कटलरची १९२९ सालची कृती. आपल्या आणि इतरांच्या अशा सर्व शस्त्रक्रियांचा अहवाल त्याने छापून प्रसिद्ध केला, त्यात मृत्यू लपवले नाहीत, आणि तो मार्ग आपण सोडून देत आहोत हे स्पष्ट सांगितले. यशाची जाहिरात करणारे पुष्कळ असतात. अपयशाचा असा नीट मांडलेला तक्ता पुढच्या पिढीच्या हाती ठेवणे हे त्याहून मोठे शास्त्रकार्य आहे. १९४८ मध्ये फिलाडेल्फियात बेलीने, बोस्टनमध्ये हार्केनने आणि लंडनमध्ये ब्रॉकने तीच वाट पुन्हा धरली, आणि या वेळी रोगी वाचू लागले.

ही शस्त्रक्रिया पुढे भारतात हजारोंनी झाली, म्हणून ती जवळून पाहण्याजोगी आहे. रोग्याच्या डाव्या बरगड्यांमधून छाती उघडावयाची. समोर धडधडणारे हृदय, आणि त्याच्या डाव्या कर्णिकेला कानाच्या पाळीसारखे असलेले छोटे उपांग. त्या उपांगाच्या मुळाशी गोल टाका घालून ठेवावयाचा, म्हणजे नाडी ओढून बटवा मिटावा तसे ते भोक हवे तेव्हा आवळता येते. मग उपांगाचे टोक कापून शस्त्रवैद्याने आपली तर्जनी आत सारावयाची. येथून पुढे डोळ्यांचा काही उपयोग नाही. हृदय चालूच आहे, रक्त बोटाभोवती वाहत आहे, आणि बोटाच्या अग्रास झडपेचे अरुंद, राठ, कित्येकदा चुनखडी साचलेले तोंड लागते. बोट पुढे रेटून चिकटलेले सांधे अलग करावयाचे, आणि ते फार फाटले तर रक्त उलट फिरेल, म्हणून थांबावयाचे कोठे हेही त्याच बोटाने ओळखावयाचे. पुढे जवनिकेच्या टोकाकडून पोलादी विस्फारक घालण्याची पद्धत रूढ झाली, तरी त्यास वाट दाखविणारे बोटच राहिले. यास हृदय-फुफ्फुस यंत्र लागत नसे, रक्ताच्या बाटल्या फार लागत नसत, खर्च आटोक्यात राही, आणि गर्भवतीवरही ती करता येई. गरीब देशास हे वरदान होते.

सातारा जिल्ह्यातील माणसास या वरदानाचा रस्ता मुंबईतील परळवरून जाई, आणि त्याचे कारण वैद्यकाइतकेच गिरण्यांचे आहे. दुष्काळी तालुक्यांतून आणि कोयनेच्या खोऱ्यातून मुंबईस गेलेला घाटी माणूस गिरणीत, गोदीत, बाजारात ओझी वाहू लागला आणि लालबाग-परळच्या चाळींत राहू लागला. त्याच परळमध्ये १९२६ पासून शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि के. ई. एम. रुग्णालय उभे होते. त्यामुळे गावाकडील सून किंवा पुतण्या आजारी पडला की ‘केईएमला आण’ एवढा निरोप येई, आणि आधीच माणसांनी भरलेल्या खोलीत आणखी दोन अंथरुणे पडत. पुणे-मिरज मार्ग मीटरगेज होता तोवर पुण्यास गाडी बदलावी लागे, आणि धाप लागणाऱ्या रोग्यास पूल चढवून दुसऱ्या फलाटावर नेणे हा प्रवासातील कठीण भाग असे.

त्या रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेची परंपरा निर्माण केली. कलकत्त्यात जन्मलेले, नागपुरात शिक्षण झालेले आणि परळमध्ये घडलेले हे शस्त्रवैद्य लोकांच्या स्मरणात राहिले ते १६ फेब्रुवारी १९६८ च्या हृदयारोपणामुळे. केपटाउनला बर्नार्डने पहिले हृदयारोपण केल्यावर अडीच महिन्यांच्या आत ते झाले, आणि रोगी काही तासच जगला. परंतु सेन, त्यांचे सहकारी गुरुकुमार परुळकर आणि त्यांच्यामागून आलेले शस्त्रवैद्य यांच्या विभागाचे नित्याचे काम निराळे होते: झडपा, जन्मजात छिद्रे, फुगलेल्या धमन्या. त्या नित्याच्या कामावरच मुलखातील माणसे जगली.

आता प्रश्न येतो तो त्या उरलेल्या अर्ध्या कागदाचा. मोकळी केलेली झडप काही वर्षांनी पुन्हा चिकटू शकते, आणि म्हणून शस्त्रक्रियेचा खरा निकाल दहा-पंधरा वर्षांनी कळतो. तोपर्यंत रोगी कोठे असतो? चाळीतील खोली सुटलेली असते, मुलीचे लग्नानंतर नाव बदललेले असते, ‘मुक्काम पोस्ट अमुक, तालुका खटाव’ एवढ्या पत्त्यावर एकाच नावाची चार माणसे असतात, आणि पत्र आले तरी वाचून दाखविणारा गुरुजी बदलून गेलेला असतो. दूरध्वनी नसलेल्या त्या काळात डाकघर हाच वैद्यकीय संशोधनाचा आधार होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. अशाही परिस्थितीत वेल्लोर येथील स्टॅन्ले जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद पद्धतीने झडप मोकळी केलेल्या, क्रमाने आलेल्या ३७२४ रोग्यांचा वृत्तान्त, त्यांच्या दीर्घकालीन पाठपुराव्यासह, १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. जगातील कोणत्याही श्रीमंत रुग्णालयास हेवा वाटावा असा तो अभ्यास आहे. जपानी डॉक्टर इनोउए यांनी १९८४ मध्ये फुग्याने झडप रुंद करण्याची रीत मांडली, तेव्हा तिची तुलना करण्यास योग्य मापदंड हाताशी होता तो अशाच नोंदींमुळे.

ज्या झडपा मोकळ्या करण्याच्या पलीकडे गेल्या होत्या, त्या बदलण्याचा मार्ग १९६० मध्ये निघाला. ओरेगॉनमधील शस्त्रवैद्य आल्बर्ट स्टार आणि अभियंता लोवेल एडवर्ड्‌स यांनी पिंजऱ्यात गोळी असलेली कृत्रिम झडप माणसाच्या हृदयात बसविली. मिनिटास बहात्तर ठोके धरले तर दिवसाकाठी एक लाखाहून अधिक आणि वर्षाकाठी पावणेचार कोटींहून अधिक वेळा हा पदार्थ उघडतो आणि मिटतो. त्यावर रक्ताची गुठळी धरू नये, तो झिजू नये, तुटू नये, या तिन्ही अटी त्याने जन्मभर पाळावयाच्या. त्या न पाळल्यास काय होते हे ब्यॉर्क-शायली या झडपेच्या एका सुधारित नमुन्याने दाखविले: १९७९ नंतर जगभर सुमारे ८६,००० माणसांत बसविलेल्या या झडपेचा आधारदंड काही रोग्यांत अकस्मात तुटून मृत्यू ओढवू लागले, आणि १९८६ मध्ये तिची विक्री थांबली. कोणाच्या छातीत कोणत्या मापाची, कोणत्या वर्षी बनलेली झडप आहे याची यादी जेथे होती तेथे त्या रोग्यांना धोका कळवता आला; जेथे यादी नव्हती तेथे कळवणार तरी कोणाला?

आपल्याकडे परदेशी झडपेची किंमत हीच पहिली भिंत होती. ती ओलांडण्याचे काम तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत मार्तंड वर्मा वलियाथन यांनी हाती घेतले, आणि त्या झडपेची जन्मकथा अपयशांनी भरलेली आहे. आधीचे नमुने परीक्षायंत्रात किंवा मेंढ्यांच्या हृदयात टिकले नाहीत. टायटॅनियमचे कडे झाले, नीलमणीच्या जातीच्या स्फटिकाची चकती झाली, तीही सोडावी लागली. शेवटी कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचे कडे, अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची कलणारी चकती आणि पॉलिएस्टरची शिवणकिनार, असा चौथा नमुना उतरला, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी तो प्रथम माणसाच्या हृदयात बसला. पुढची चार वर्षे ही झडप सरसकट विकण्यास काढली नाही. सहा रुग्णालयांतील ३०६ रोग्यांत ती बसवून त्यांचा पाठपुरावा केला गेला, आणि गुठळी किती, रक्तस्राव किती, संसर्ग किती, हे शंभर रुग्णवर्षांच्या मापाने मांडले. शंभर माणसे एक वर्ष जगली काय आणि दहा माणसे दहा वर्षे जगली काय, हिशेब शंभर रुग्णवर्षांचाच. हे माप वापरल्यावाचून दोन झडपांची तुलना न्याय्य होत नाही. पुढे देशभर लाखाहून अधिक रोग्यांना ती झडप मिळाली.

परंतु झडप बसली म्हणून रोगी मोकळा होत नाही. धातूची झडप असलेल्या माणसास रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि ती किती घ्यावयाची हे रक्त तपासून ठरते. मेथी, पालक, हरभऱ्याची भाजी यांतील ‘के’ जीवनसत्त्व त्या गोळीचा गुण कमी करते. हिवाळ्यात शेत हिरवे झाले की ज्या घरात रोज पातेलेभर पालेभाजी शिजते तेथे गोळीचे प्रमाण चुकते, आणि उन्हाळ्यात भाजी संपली की उलट्या दिशेने चुकते. बाई तरुण असेल तर पेच अधिक अवघड होतो, कारण हीच गोळी गर्भास अपायकारक ठरू शकते. प्राण्यांच्या ऊतकापासून केलेली झडप घातली तर गोळी टळते, पण तरुण वयात ती झडप लवकर निकामी होऊन दुसऱ्यांदा छाती उघडण्याची वेळ येते. धातू की ऊतक, या प्रश्नाचे उत्तर बोस्टनच्या आकडेवारीतून आटपाडीच्या सुनेस देता येणार नाही. ते आटपाडीच्याच सुनांच्या दहा वर्षांच्या नोंदींतून निघाले पाहिजे. या सर्व प्रपंचावर मूळचा इलाज साधा होता आणि आहे: संधिवाती ताप होऊन गेलेल्या मुलास दर तीन आठवड्यांनी दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनची सुई. तिचे औषध बनविणारा सरकारी कारखाना १९५४ मध्ये आपल्याच पिंपरीत निघाला, तरी ती सुई प्रत्येक मुलापर्यंत नेमाने पोचली नाही, याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

मिरजेस १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, कऱ्हाड आणि सांगली येथे पुढे खाजगी महाविद्यालये उभी राहिली, आणि २०१२ पासून राज्याच्या जीवनदायी योजनेतून शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांना झडप बदलण्याची शस्त्रक्रियाही खिशाला तोशीस न लागता मिळू लागली. या योजनेस २०१७ पासून जोतीराव फुले यांचे नाव आहे, आणि फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण आहे, याचा या मुलखास अभिमान वाटावा हे साहजिक आहे. त्या योजनेत आरंभीच ९७१ उपचारांबरोबर १२१ पाठपुराव्याचे उपचारही धरलेले होते, म्हणजे रोगी घरी गेल्यानंतरचा कागद राज्याने निदान तत्त्वतः आपला मानला. तथापि योजनेचा दप्तरी कारभार मंजुरी आणि देयक यांभोवती फिरतो, आणि पाच वर्षांनंतर त्या झडपेचे व त्या माणसाचे काय झाले हे सांगणे त्या कागदांचे काम नव्हे. गावच्या आशा ताईंच्या वहीत गरोदर बायांची, लहान मुलांची, क्षयरोग्यांची नावे असतात. त्याच वहीत आणखी एक पान असावे, त्यावर गावातील झडप बसवलेल्या प्रत्येकाचे नाव, झडपेचा प्रकार व माप, शस्त्रक्रियेची तारीख, रुग्णालय, गोळीची मात्रा आणि मागच्या रक्ततपासणीचा आकडा लिहिलेला असावा, आणि वर्षातून एकदा ते पान मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात जमा व्हावे, एवढीच माझी सूचना आहे. त्यास नवे यंत्र लागत नाही, नवी इमारतही लागत नाही.